टपावरची सायकल आणि आपल्याच पार्किंगचं छत

संपादक महोदय,

गाडीच्या टपावर सायकली बांधून लांब फिरायला जाणारे लोक आता बरेच दिसतात, मला स्वतःला ते बघून फार बरं वाटतं, पण या प्रकारात गाडीचं जे नुकसान होतं त्याबद्दल पेपरात काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितोय. लोकांना भीती असते ती हायवेवर सायकल उडून जाईल याची. ती भीती खोटी नाहीच, पण माझ्या पाहण्यात जास्त गाड्या बिघडल्यात त्या अगदी हळू चालत असताना, प्रवास संपवून रोजच्या पार्किंगमध्ये शिरताना.

हिशोब साधा आहे. गाडी साधारण दीड मीटर उंच, त्यावर उभी बांधलेली सायकल अजून मीटरभर, म्हणजे सगळं मिळून अडीच मीटरच्या वर जातं, आणि बेसमेंट पार्किंगला उंचीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दोन ते सव्वादोन मीटरच असते. आत बसलेल्या माणसाला टपावरचं काही दिसत नाही, पुढचे मागचे सेन्सर बंपरच्या उंचीवर बसवलेले आणि कॅमेरे बघतात जमिनीकडे, त्यामुळे वरच्या बीमबद्दल गाडी एक शब्द बोलत नाही. दिवसभर गाडी चालवून थकलेला माणूस सवयीने रोजच्या वळणावर वळतो आणि थेट धडक. याला लोक लगेच निष्काळजीपणा म्हणतात, मला ते पटत नाही, सवयीच्या जागी माणूस विचार करत नाही हे सगळ्यांचंच आहे आणि व्यवस्था तेच धरून करायला पाहिजे.

वेग कमी असला तरी नुकसान एवढं मोठं का होतं तेही समजून घ्या. धक्का बसतो सायकलच्या हँडलला नाहीतर सीटला, म्हणजे टपापासून चांगलं मीटरभर वर, आणि गाडी पुढे सरकतच असते, त्यामुळे सायकल पहारीसारखी काम करते. सायकल बांधायला टपावर जे कॅरिअर बसवतात त्याचा पुढचा क्रॉसबार, म्हणजे आडवा दांडा, वर उचकटला जातो, मागचा खाली दाबला जाऊन टपाच्या पत्र्याला पोचा पाडतो. कॅरिअरचे क्लॅम्प दाराच्या वरच्या कडेला पकडलेले असतील तर ती कडच वाकते, मग दार नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. सायकल मागे कोसळली तर मागची काचही जाते. दार किंवा बॉनेट बोल्ट काढून बदलता येतं, टप मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो, त्यामुळे जोरात चेपला तर आतलं छताचं कापड उतरवण्यापासून काम सुरू होतं. सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकतो ते दिसतं तरी, कार्बन फ्रेमला आतून तडा गेला तर वरून कळतही नाही, अशी सायकल तपासून घेतल्याशिवाय चालवू नये.

बारीकसारीक नुकसान तर रोजचंच. कॅरिअरच्या रबरी पॅडखाली धूळ-वाळू राहिली की तीच सँडपेपरसारखी रंग खाते, म्हणून बसवण्याआधी ती जागा ओल्या फडक्याने पुसायलाच पाहिजे. पट्ट्याचं मोकळं टोक वाऱ्यात फडफडत पत्र्यावर आपटत राहतं. सायकल चढवता उतरवताना पायडल दाराला लागतं. आणि डिकी उघडताना जपा, काही गाड्यांची डिकी वर जाताना सायकलच्या मागच्या चाकावर आदळते, आपोआप उघडणारी असेल तर फारच.

वजनाचं पण बघा, टपावर किती भार चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना ५० ते १०० किलोच्या दरम्यान, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं हे खूप जणांना माहीतच नसतं. क्रॉसबार आणि सायकली ज्यात उभ्या राहतात ते दोन ट्रे यांचंच दहा-बारा किलो होतं. बॅटरीवाल्या सायकली वीस-पंचवीस किलोच्या असतात, त्यांच्यासाठी टप ही जागाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय गाडीचा वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, तो सगळा त्या चार क्लॅम्पवर येतो, म्हणून थोडं अंतर गेल्यावर थांबून क्लॅम्प परत हाताने हलवून बघावेत.

आता उपाय. पार्किंगवाले उंचीची पाटी लावतात ती नेमकी दारावर, तिथे पोचेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि रिव्हर्स घ्यायला जागा नसते. पाटी रॅम्पच्या वळणाआधी पाहिजे आणि तिथेच त्या उंचीवर साखळीला टांगलेली हलकी पाइप पाहिजे, सायकलला लागली तर आवाज होईल पण काही तुटणार नाही. गाडी बनवणाऱ्यांनीही, एवढे सेन्सर बसवतातच, तर टपावर सामान आहे असं एक बटण द्यावं, ते चालू असलं की पार्किंगजवळ स्क्रीनवर सूचना यावी. ते होईपर्यंत आपण टेप घेऊन सायकलसकट उंची मोजावी आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवावा. गेटचा रिमोट असेल तर निघतानाच डिकीत टाकून द्यावा, घरी आल्यावर तो काढायला खाली उतरावंच लागतं आणि टपावरची सायकल दिसते. ज्यांना जमेल त्यांनी पुढचं चाक काढून सायकल गाडीच्या आतच घ्यावी, मागची सीट पाडली की बऱ्याच गाड्यांत एक सायकल सहज मावते.

तुमच्याकडे नवीन गाड्यांबद्दल लिहून येतं तेव्हा मायलेज, डिकीची जागा सगळं असतं. त्याच्यासोबत टपाची भारमर्यादा आणि डिकी उघडल्यावर ती टपाच्या किती वर जाते हे दोन आकडे छापायला सुरुवात कराल का?

आपला,
एक सायकलवाला वाचक