आभासी प्रयोगशाळा आणि अर्धाच वाचलेला शोधनिबंध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आभासी प्रयोगशाळांवरचा लेख वाचला. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचे टॉन डी योंग हे या विषयातले मोठे नाव, त्यांच्या निबंधांचे दाखले जगभर दिले जातात, तेव्हा आपल्या शाळांनीही आता सिम्युलेशन (प्रयोगाची संगणकावर चालणारी प्रतिकृती) घ्यावे, असा लेखाचा सूर आहे. डी योंग मोठे आहेत, दाखलेही दिले जातात. पण शाळांनी काय करावे, ते यातून ठरत नाही.

ज्या निबंधाचा दाखला हजारो वेळा दिला गेला तो १९९८ मधला, वाउटर फान योलिंगन यांच्यासोबत लिहिलेला. आधीचे अभ्यास तपासून दोघांनी लिहिले आहे की, नेहमीच्या अध्यापनापेक्षा सिम्युलेशन सरस असा निर्विवाद निष्कर्ष निघत नाही. पुढे मुले कुठे अडखळतात याची तपशीलवार नोंद आहे. त्यांना तपासता येईल असे गृहीतक मांडता येत नाही. ती एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलतात. आपले म्हणणे खरे ठरेल असेच प्रयोग निवडतात. आलेख चुकीचा वाचतात. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा घेतलेल्या कोणत्याही परीक्षकाला ही यादी तोंडपाठ असेल! विद्युतप्रवाह कमी-जास्त करणारा रिओस्टॅट सरकवायचा, त्याच वेळी सेलही वाढवायचा आणि वर ओहमचा नियम सिद्ध झाला म्हणून सांगायचे, हे आम्ही खऱ्या टेबलावर वर्षानुवर्षे पाहिले आहे. संगणकाच्या पडद्यावर ते फक्त अधिक वेगाने होते.

डी योंग यांचे पुढचे बरेचसे काम या अडचणींवरच्या उपायांचे आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘गो-लॅब’ या युरोपीय प्रकल्पात प्रयोगाआधी मुलांना ‘जर’, ‘तर’, ‘वाढते’, ‘कमी होते’ असे तयार शब्द देतात. ते जुळवून गृहीतक बनवायचे आणि मगच प्रयोगाला हात घालायचा. माझ्या मते हा उपाय उपकरणांच्या कपाटापेक्षा मोलाचा आहे, आणि तो फळ्यावर खडूनेही करता येतो.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेला त्यांनी मोडीत काढलेले नाही. मार्शिया लिन आणि झकारियास झकारिया यांच्यासह २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात दोन्हींची जोड द्यावी असे म्हटले आहे. डोळ्यांना न दिसणारे पडद्यावर दाखवता येते. लूज कनेक्शन, झीरो एरर (काटा मुळातच शून्यावर नसणे), दर वेळी थोडे वेगळे येणारे रीडिंग यांच्याशी मात्र खऱ्या टेबलावरच गाठ पडते. दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा, कारण तो आम्हा जुन्या शिक्षकांना रुचत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात पडद्यावर विद्युत मंडल जोडायला शिकलेले विद्यार्थी नंतर खऱ्या तारा आणि दिवे जोडण्यातही सरस ठरले. पण तेही आखून दिलेले प्रात्यक्षिक होते, नुसता खेळ नव्हे.

आपल्याकडे साधनांची वानवा नाही. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आणि अमृता विद्यापीठ यांची ‘ओलॅब्ज’ ही ऑनलाइन प्रयोगशाळा मराठीत आहे, कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संकेतस्थळावरची कितीतरी सिम्युलेशन मराठीत आहेत, आणि दोन्ही फुकट. तरीही एका शाळेत मी पाहिले ते असे: सर स्मार्ट बोर्डासमोर उभे राहून स्वतःच स्लायडर सरकवत होते, वर्गभर मुले बघत होती आणि शेवटी सगळ्यांनी एकच रीडिंग जर्नलमध्ये उतरवून घेतले. याला व्हिडिओ म्हणावे. डी योंग यांच्या निबंधाचा दाखला अशा वर्गाला लागू पडत नाही. सरांनाही दोष देववत नाही. पोर्शन संपवायचा, शाळाबाह्य कामे करायची, त्यात मुलांना प्रयोग आखून देणारी कृतिपत्रिका लिहायला वेळ कुठून आणणार?

आपल्या प्रतिनिधीने या विषयावर पुन्हा लिहावे, ही विनंती. या वेळी खरेदीचे प्रस्ताव मांडणाऱ्यांना विचारावे की, एका संगणकावर किती मुले बसणार, कृतिपत्रिका कोण लिहिणार, आणि त्यासाठी शिक्षकाच्या वेळापत्रकात तास ठेवला आहे का. हे सॉफ्टवेअर आल्यावर जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीचे काय करणार आहेत, तेही विचारावे. काही ठिकाणी तिथे आताच जादा तुकडी बसते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
सातारा