प्रकल्पाच्या वहीत मूळ कागद येऊ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भूमापन खात्यात असताना मला मोडी रोज वाचावी लागे. त्यामुळे निवृत्तीनंतरही खानापूर तालुक्यातले लोक जुनी इनामपत्रे, वाटणीपत्रे घेऊन घरी येतात. अलीकडे पदवीची मुलेही येऊ लागली आहेत. नंदगडकडची एक विद्यार्थिनी भारत-पोर्तुगाल संबंधांवरचा प्रकल्प घेऊन आली होती. छपाई सुबक, नकाशे रंगीत, पण मूळ कागद एकही नाही. दादरा-नगरहवेलीच्या खटल्यावर गाइडमधले एकच वाक्य होते: हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालचा दावा फेटाळला. त्यावर मार्कही मिळाले होते.

मी तिला 12 एप्रिल 1960 चा तो निकालच उघडून दिला. न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो दोन्ही बाजूंच्या कैफियतींसकट फुकट वाचता येतो. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि मालाची ने-आण यांपुरता भारतातून दादरा-नगरहवेलीला जाण्यायेण्याचा पोर्तुगालचा वाटेचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी नाकारला. आणि भारताने 1954 मध्ये वाट अडवली त्यात कर्तव्यभंग नाही, असे ठरवले. गाइडच्या त्या वाक्यात यातले किती उरले?

पुढचा भाग वाचताना ती चकित झाली. पोर्तुगालची भिस्त 1779 च्या पुणे तहावर आणि 1783 व 1785 च्या मराठा सनदांवर होती. तह कधी लागूच झाला नाही, हे भारताचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. पण मजकूर तपासून न्यायालयाने सांगितले, की पेशव्यांनी मुलूख तोडून दिलेला नाही, वर्षाला 12,000 रुपये उत्पन्नाचा सरंजाम, म्हणजे नुसता महसूल घेण्याचा हक्क, दिला आहे. मग तिथे पोर्तुगीजांची सत्ता आली कुठून? पुढे इंग्रजांनी ती मुकाट्याने मान्य केली, म्हणून. नुसती सनद वाचून हे कळत नाही आणि नुसत्या इंग्रजी पत्रव्यवहारावरूनही कळत नाही. दोन्ही समोर ठेवावे लागतात.

त्या काळचा कागद कसा पाहायचा, हे मी तिला एका इनामपत्राच्या झेरॉक्सवर दाखवले. वर 'समानीन मया व अलफ' असे लिहिले आहे, म्हणजे अरबी अंकांत ऐंशी, शंभर आणि हजार: मराठी दप्तरात चालणारा सुहूर सन 1180. त्यात 599 मिळवले की 1779 येते; पण कागद जानेवारी ते मृग या काळातला असेल तर 600 मिळवायचे, कारण सुहूर सन मृगाला बदलतो. एवढ्याशा फरकाने तह आधी की पत्र आधी, हे उलटेपालटे होते. मग शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, आहे की कागद नुसती नक्कल आहे, ते बघायचे. आपली पोरे हुशार आहेत, तासाभरात तिला जमले.

बेळगावच्या मुलांना हा विषय परका नाही. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावरून उडालेल्या हंटर लढाऊ विमानांनी गोव्यातले बांबोळीचे वायरलेस केंद्र फोडले. त्याच 18 तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने 7 मते पडली, विरोधात 4, आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. विमाने पाहिलेली वडीलधारी माणसे आपल्या गावांत अजून आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि परिषदेच्या त्या बैठकीच्या छापील इतिवृत्ताशेजारी ठेवाव्यात. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे त्या काळचे कागदही संकेतस्थळावर खुले आहेत, आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल नावाचे संकेतस्थळ आहे. पणजीचे पुराभिलेखागार तर चोर्ल्याच्या घाटापलीकडे! इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचून ते दप्तर सांभाळले, आणि आपली सहल मात्र कळंगुटला जाऊन परत येते याचे मला फार वाईट वाटते.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. इतिहास व राज्यशास्त्राच्या प्रकल्पात निदान एक मूळ कागद सक्तीचा करा, आणि त्याच घटनेवरचा दुसऱ्या बाजूचा एक. मुलगा मराठीत लिहो वा कन्नडमध्ये. पानांची संख्या कमी झाली तरी चालेल. मोडी शिकवायला माणूस नसेल तर मी विनामोबदला येईन. रविवारी सकाळी मोकळा असतो, एसटी बसने कुठेही पोहोचेन. फळा आणि मोठ्या अक्षरांतल्या झेरॉक्स एवढीच सोय करावी.

आपला,
एक निवृत्त भूमापन कर्मचारी, खानापूर (जि. बेळगाव)