वायर जोडण्याआधी जरा थांब

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

गिटारचा इफेक्ट प्रोसेसर (आवाजावर परिणाम चढवणारी पायाजवळची पेटी) अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याबद्दलचा तुझा मेसेज मिळाला. "प्रोसेसरच्या मागे अ‍ॅम्प कंट्रोल असं लिहिलेलं भोक आहे, अ‍ॅम्पच्या मागे फुटस्विचचं भोक आहे, घरात गिटारची वायर पडलेली आहे. लावू का?" यावर मी नुसतं "नको" असं पाठवलं आणि तू तोंड वाकडं केलेला तो पिवळा चेहरा पाठवलास. कारण सांगायला दोन ओळी पुरल्या नसत्या, म्हणून चक्क पत्र लिहायला बसलोय.

तुझी अडचण मला कळते. धृपदाला ड्राइव्ह (खरखरीत, फाटलेला आवाज) हवा, कडव्याला क्लीन (स्वच्छ आवाज) हवा, म्हणजे अ‍ॅम्पचं चॅनल बदलायला हवं. त्याच क्षणी प्रोसेसरवर डिले (प्रतिध्वनी) चालू करायचा आणि अ‍ॅम्पचा फुटस्विचही दाबायचा, म्हणजे स्टेजवर लंगडी खेळल्यासारखं होतं. प्रोसेसरच्या एका पॅचने (साठवून ठेवलेल्या सेटिंगने) दोन्ही कामं व्हावीत, हे तुझं म्हणणं अगदी रास्त आहे आणि ते होतंही. माझी तक्रार आहे ती त्या भोकांवर.

हा पाव इंची जॅक, ६.३५ मिमीचा, मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधला. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर फळ्यावर दोऱ्या खोचून फोन जोडून द्यायचे, तिथून तो आपल्याकडे आला. आज गिटार त्यातच, स्पीकर त्यातच, एक्स्प्रेशन पेडल त्यातच आणि फुटस्विचही त्यातच. तोंड सगळ्यांचं सारखं, पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. गिटारच्या जॅकमध्ये व्होल्टचा अंश, तर स्पीकरच्या जॅकमध्ये पन्नास वॉटचा अ‍ॅम्प जोरात वाजत असताना वीसेक व्होल्ट. कुठलीही वायर कुठेही बसते, हीच खरी गोम आहे.

फुटस्विच म्हणजे नुसतं बटण, दाबलं की टिप (जॅकचं टोक) आणि स्लीव्ह (त्याचा दांडा) एकमेकांना टेकतात, बस. पण त्या टिपवर अ‍ॅम्प स्वतःचा व्होल्टेज ठेवून बसलेला असतो. आत रिले (विजेने हलणारा स्विच) असेल तर त्याच्या कॉइलचा प्रवाह त्या बटणातून जातो. ऑप्टोकपलर (तार न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग) असेल तर त्याच्या एलईडीचा प्रवाह. लॉजिक सर्किट असेल तर जेमतेम पाच व्होल्ट आणि नगण्य प्रवाह. फेंडरच्या जुन्या ब्लॅकफेस ट्विन रिव्हर्ब या अ‍ॅम्पमध्ये तर गंमतच आहे. तिथे व्हायब्रॅटोच्या (आवाजाच्या थरथरीच्या) फुटस्विचवर ट्यूबना (काचेच्या नळ्यांना) लागणाऱ्या बायसच्या पुरवठ्यातून आलेला उणे व्होल्टेज असतो आणि रिव्हर्बचं (घुमाऱ्याचं) बटण थेट आवाजाचा सिग्नलच जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकवतं. फेंडरच्याच हॉट रॉड डीलक्सच्या फुटस्विचला दोन बटणं आणि वायर मात्र मोनो, म्हणजे फक्त टिप आणि स्लीव्ह असलेली! डायोड (एकाच दिशेने वीज सोडणारे भाग) लावून एकाच तारेतून दोन कामं काढली आहेत. तिथे नुसता शॉर्ट देणारा स्विच लावलास तर ती दोन कामं वेगवेगळी निवडताच येणार नाहीत.

लोखंडी बटणाला यातलं काहीही चालतं. पत्र्याला पत्रा टेकला, की उणे काय आणि अधिक काय! पण प्रोसेसरच्या आत दर वेळी बटणच असेल असं नाही. काहींत रिले असतो, काहींत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो इलेक्ट्रॉनिक स्विच ठराविक दिशेचा, ठराविक व्होल्टपर्यंतचाच करंट सोसतो. लाइन ६ कंपनीच्या हेलिक्स या प्रोसेसरच्या पुस्तिकेत तर स्पष्ट बजावलंय की ही जोडणी फक्त टिप स्लीव्हला शॉर्ट करून चालणाऱ्या अ‍ॅम्पसाठीच आहे, नाहीतर अ‍ॅम्प आणि प्रोसेसर दोन्ही कायमचे बिघडू शकतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी एकदा एका जुन्या अ‍ॅम्पला असंच बिनदिक्कत जोडलं होतं. कुठला अ‍ॅम्प, कुठला प्रोसेसर ते सोड. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तालमीत पहिल्यांदा चॅनल बदललं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा बदललं ते परत येईचना. जॅक उपसला तर अ‍ॅम्प ठणठणीत, प्रोसेसरचं ते भोक मात्र कायमचं मुकं झालं. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं: टिपवर उणे व्होल्टेज होता, आतला तांदळाच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर गेला होता. त्याची किंमत दोन रुपये, माझी फजिती मात्र सगळ्या बँडसमोर.

तेव्हा आधी मोजायचं. अ‍ॅम्प उघडायचा नाही, हे आधीच सांगतो. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. बाहेरूनच कर. अ‍ॅम्प बंद असताना एक मोनो वायर फुटस्विचच्या जॅकमध्ये घाल, दुसरं टोक टेबलावर मोकळं ठेव. व्हॉल्यूम शून्य करून अ‍ॅम्प चालू कर (स्पीकर जोडलेला आहे ना ते बघ, ट्यूबचा अ‍ॅम्प बिनस्पीकरचा कधी चालवायचा नाही). मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेव, काळी काडी स्लीव्हला, लाल टिपला. आकडा लिहून ठेव, उणे चिन्ह दिसलं तर तेही. मग एसीवर ठेवून पुन्हा बघ. आकडा अधिक आहे, वीसेक व्होल्टच्या आत आहे आणि एसी काही नाही, तरच पुढे जा. मीटर मिलिअँपिअरच्या मोठ्या रेंजवर घे, लाल काडीची वायर मीटरच्या मिलिअँपिअरच्या भोकात हलव आणि पुन्हा तिथेच टेकव. आता मीटरच फुटस्विच झाला: चॅनल बदलेल आणि प्रवाहही कळेल. मोजून झालं की लाल वायर पहिल्या भोकात परत ने, हे विसरून मी आजवर तीन फ्यूज उडवलेत. हे आकडे प्रोसेसरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघ. आकडा उणे निघाला, एसी निघाला किंवा पुस्तिकेत मर्यादाच दिलेली नसेल, तर थेट जोडायचं नाही.

आणखी एक. तुझ्या अ‍ॅम्पचा मूळ फुटस्विच दाबून सोडल्यावर चॅनल तसंच राहतं की परत जातं, ते पाहा. काही अ‍ॅम्पना दाबून ठेवलेलं बटण लागतं, काहींना नुसती टिचकी. प्रोसेसरमध्ये तशी सेटिंग करता येते. मूळ फुटस्विचची वायर स्टिरिओ असेल आणि तू मोनो घातलीस तर रिंग (स्टिरिओ जॅकचा मधला पट्टा) आणि स्लीव्ह कायमचे चिकटतात, म्हणजे दुसरं बटण कायम दाबलेलंच. मग "रिव्हर्ब बंदच होत नाही" म्हणून रात्री अकराला फोन करशील.

आता हमबद्दल, म्हणजे स्पीकरमधल्या घुमणाऱ्या आवाजाबद्दल. तू चार वायरींची जोडणी वापरतोस: गिटार प्रोसेसरला, प्रोसेसरचा सेंड (सिग्नल बाहेर काढणारं भोक) अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड परत प्रोसेसरला, आणि प्रोसेसरचं आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. त्यात ही पाचवी वायर आली की तिच्या स्लीव्हमधून जमिनीचा आणखी एक फेरा तयार होतो आणि घूंऽऽ सुरू होतं. तेव्हा कुणीतरी जाणता भेटेल आणि म्हणेल, अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, आवाज जाईल. आवाज जाईल हे खरं, पण २३० व्होल्ट उद्या गिटारच्या तारांवर आले तर त्यांना जायला रस्ता उरेल तो तुझ्या ओठांवरून माइकमध्ये. त्या माणसाला चहा पाज आणि घरी पाठव.

यावरचा उपाय मी करून ठेवलाय. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत एक पाच व्होल्टचा रिले बसवलाय. तो जुन्या मोबाइल चार्जरवर चालतो. प्रोसेसर फक्त बीसी ५५७ ट्रान्झिस्टरच्या बेसला (नियंत्रणाच्या पायाला) ग्राउंडकडे ओढतो, त्याच्या वाट्याला दोनेक मिलिअँपिअर येतात. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड आहे, नाहीतर बंद होताना तिचा झटका ट्रान्झिस्टरला बसतो. रिलेचे संपर्क मात्र अ‍ॅम्पकडे एकटेच, दोन्ही बाजूंमध्ये एकही तार सामायिक नाही. मग उणे असो, अधिक असो, फेराही होत नाही. डबी प्लास्टिकचीच का, तर पत्र्याच्या डबीत दोन्ही जॅकचे स्लीव्ह पत्र्यातूनच एक झाले असते आणि सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या खेपेला मी नेमकं तेच केलं होतं.

पुढेमागे अ‍ॅम्प बदललास तर मिडीचं (वाद्यांनी एकमेकांना हुकूम द्यायच्या पद्धतीचं) पाच पिनांचं भोक असलेला बघ. १९८३ पासून मिडीच्या इनपुटवर ऑप्टोकपलर असणं नियमातच आहे, म्हणजे हे वेगळं ठेवण्याचं काम त्यांनी आधीच करून ठेवलंय. पण मिडीसाठी म्हणून हा अ‍ॅम्प विकू नकोस. त्याचा क्लीन मला हवाय, विकायचाच असेल तर मला.

चॅनल बदलताना "टप्" असा आवाज आला तर घाबरू नकोस, पॅच बदलताना प्रोसेसर क्षणभर म्यूट होतो का ते बघ, तेवढ्याने बहुतेकदा भागतं.

डबी उद्या कुरिअर करतोय, सोबत नाशिकच्या चिवड्याचं रिकामं पाकीट, तू मागच्या खेपेला इथे विसरलेलं. वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांना सांग की साबणाची डबी आली तर ती न्हाणीघरात ठेवू नका. मोजलेले तीन आकडे मला कळव, ते बघितल्याशिवाय जोडू नकोस.

तुझा,
बंड्या