तिसरा रकाना

प्रिय मित्रा,

सात महिने एक फोन नाही आणि आता एकदम पत्र, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, साखर काठावर. असो.

ताई घर सोडायचं म्हणतेय.

परवा रात्री आली. मुलं झोपल्यावर म्हणाली, "तू हिशेबाचा माणूस. निघाले तर भागेल का, तेवढं सांग." मी लगेच वहीच्या पानावर दोन रकाने पाडले: ‘राहिली तर’ आणि ‘निघाली तर’. इकडे दोन पगार, एक भाडं. तिकडे एकच पगार, भाडं तेवढंच, वर धाकटीला सांभाळायला कुणीतरी हवं, भांडीकुंडी पहिल्यापासून. उत्तर उघड होतं. तरी मी ते वाचून दाखवलं, तेही आपल्या सरांसारखा आवाज लावून.

ताईने पेन मागितलं. नवऱ्याच्या पगारापुढे तिसरा रकाना पाडला, वर लिहिलं ‘घरात येतात’, आणि खाली शून्य. पुढच्या ओळीत त्याच्या कर्जाचा हप्ता, जो तिच्या पगारातून जातो. म्हणाली, "आता कर बेरीज."

केली. आणि तू आठवलास.

हॉस्टेलची गच्ची. अमेरिकन सरकारातल्या मॉयनिहानचा १९६५ चा अहवाल मी नुकताच वाचला होता, म्हणजे चाळला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गरिबीच्या मुळाशी विस्कटलेली कुटुंबं आहेत, हे मला तेव्हा फार शास्त्रीय वाटायचं. त्या भरात मी बोलून गेलो, की काकूंनी थोडं सोसलं असतं तर तुला शिकवण्या घेऊन फी भरावी लागली नसती. तू एवढंच म्हणालास, "बेकारीची पानं वाचलीस का?" मग तीन आठवडे अबोला. माझी चप्पल टाकीवर कुणी फेकली, ते अजून कबूल करत नाहीस.

वाचली रे ती पानं, या आठवड्यात. पुरुषांना काम नसलं की घरं मोडतात, हे त्यानेच मांडलंय. आणि तो स्वतः बाप सोडून गेलेल्या घरात वाढला होता, हे कुठे ठाऊक होतं मला!

झोप येईना म्हणून वाचत सुटलो. तिथला १९९६ चा कल्याण-मदतीचा कायदा सुरूच होतो तो विवाह हा यशस्वी समाजाचा पाया आहे, असं सांगून. पुढे आठ ठिकाणी, पाच हजारांवर बिनलग्नाच्या जोडप्यांसाठी नातं टिकवायचे वर्ग काढले. तीन वर्षांनी पाहिलं, तर एकंदरीत ना लग्नं वाढली, ना जोडपी जास्त टिकली. (तू असतास तर मागच्या बाकावर घोरला असतास.) पण मी अडकलो ते भलतीकडेच. तिथली सरकारी दारिद्र्यरेषा नवरा-बायकोची कमाई एकत्र धरते. लग्न न करता राहणाऱ्या जोडीदाराची मात्र मोजतच नाही, मग घर त्याच्याच पैशावर का चालत असेना. लग्नाची सही झाली की बाई कागदावर गरिबीच्या बाहेर. पैसे तिच्या हाती पडतात का, याला रकानाच नाही. तो ताईने पाडला, अर्ध्या मिनिटात.

तरी आकडे खोटे नाहीत, एवढं तूही मान्य कर. एका पगाराचं घर पहिल्या आजारपणात डगमगतं. स्वीडनमध्ये निम्म्याहून जास्त मुलं जन्मतात ती बिनलग्नाच्या आईबापांना, तरी तिथे मुलांची गरिबी अमेरिकेपेक्षा कमी, हे तू लगेच तोंडावर फेकशील. फेक. ताई काही स्वीडनमध्ये राहत नाही.

आई म्हणते, "जमवून घे." मीही तेच म्हणत होतो, फक्त आकड्यांत. आणि खरं सांगू? परवापासून एकच डाचतंय: मी तिला थांब म्हणत होतो ते तिच्यासाठी, की उद्या तिचं घर माझ्या अंगावर पडेल म्हणून? हे बायकोला विचारता येत नाही. ती खरं उत्तर देईल.

पहिली दोन वर्षं कशी निघतात, ते काकूंनाच ठाऊक. आधी काय विकलं, नातेवाइकांतलं कोण टिकलं, तुझ्या शाळेचं कसं भागवलं. मी फोन केला तर चालेल का, विचारशील? गच्चीवरचं माझं ते वाक्य त्यांना कधी सांगितलं होतंस का? नसशील, तर सांगू नकोस. मीच सांगेन, आणि मग विचारेन.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल लागला असेल. वहिनींना नमस्कार.

ते पान ताई घेऊन गेली. घडी घालून पर्समध्ये ठेवताना म्हणाली, "अक्षर अजून तसंच घाण आहे तुझं."

तुझा,
एका चपलेचा धनी