वितळलेला प्लग फेकू नकोस

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद. (हॉस्टेलवर छकुली म्हटलेलं चालत नाही, माहीत आहे. पत्र एकटीने वाच.)

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, रॉड खराब निघाला, प्लग वितळला." पुढचं काही बोलायच्या आत आईने फोन ओढून घेतला आणि "हाताला काही लागलं नाही ना" यातच सगळे पैसे संपले. म्हणून लिहितोय. पाणी तापवायचा तो रॉड खराब नाही. तू मैत्रिणीचा कन्व्हर्जन प्लग लावून सोळा अँपिअरची जाड पिन सहा अँपिअरच्या बारक्या सॉकेटात घुसवलीस, घोळ तिथे आहे.

रॉडवर छापलंय १५०० वॅट, २३० व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागलं की साडेसहा अँपिअर. आता २३० ला या साडेसहाने भाग, ३५ ओहम आणि वर थोडं. हा आतल्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. पेपरात ही गणितं तू डोळे मिटून करतेस. बटण दाबण्याआधी का केली नाहीस, एवढंच माझं दुखणं.

सॉकेट सहाचा आणि करंट साडेसहा. पण खरं सांगायचं तर तेवढ्या अर्ध्या अँपिअरने प्लग वितळत नाही. वितळवलं ते लूज कनेक्शनने. पिन सॉकेटात सैल बसली की पितळ पितळाला धड टेकत नाही आणि तिथे थोडा रोध तयार होतो. समज, अर्धा ओहम. रॉडच्या ३५ पुढे अर्धा म्हणजे काहीच नाही, पाणी तापायचं तसंच तापतं, म्हणून तुला संशयही आला नाही. पण करंट तोच तिथूनही जातोय. करंटचा वर्ग गुणिले रोध: साडेसहाचा वर्ग ४२, त्याच्या निम्मे २१ वॅट. आपल्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न किती वॅटचं आहे, आठवतंय? २५. म्हणजे जवळपास तेवढंच आयर्न तू पंधरा मिनिटं प्लगच्या पोटात चालू ठेवलं होतंस. कथील वितळतं, तिथे प्लास्टिकची काय कथा!

वायरही तापते, पण तिची तऱ्हा वेगळी. पाच मीटरच्या साध्या वायरीत जाऊन-येऊन पाव ओहमच्या आसपास रोध असतो, म्हणजे दहा-अकरा वॅट. ते दहा मीटर तांब्यावर पसरतात, हाताला जरा कोमट लागतं. तीच वायर वेटोळं करून गादीखाली सारली तर मात्र उष्णतेला बाहेर पडायला जागा उरत नाही. तुझ्या खोलीत वायर कुठून नेली आहे, ते विचारत नाही.

आजीकडे दिवाळीत तू कुरकुरत होतीस, की तोच रॉड इथे किती वेळ लावतो. त्याचंही उत्तर त्या ३५ ओहममध्येच आहे. १५०० हा आकडा २३० व्होल्ट मिळाले तरच खरा. संध्याकाळी सगळ्या पंपांच्या मोटारी चालू झाल्या की तिथे १९० उरतात. १९० चा वर्ग करून ३५ ने भाग, हजाराच्या थोडं वर. व्होल्टेज सहावा हिस्सा उतरलं, पण ताकद जवळजवळ एक तृतीयांश गेली, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला घरी सतरा-अठरा मिनिटं, तर तिकडे पंचवीस.

पण हा भागाकार सगळीकडे चालवू नकोस. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब हिशोबाने ५२९ ओहमचा. रोध मोजायचा मीटर लावशील तर ४० च्या आसपास दाखवेल, कारण मीटर थंड तार मोजतो आणि पेटलेल्या टंगस्टनचा रोध दहा पटींहून जास्त वाढतो. रॉडची तार त्या मानाने गुणी, गरम झाली तरी फारशी बदलत नाही. आणि मोटारीच्या कॉइलला तर २३० भागिले ओहम करूच नकोस. फिरती मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. ती जाम होऊन थांबली की कित्येक पट करंट खेचते आणि जळते. त्यावरच तर आपलं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या कॉइल पुन्हा गुंडाळायचं दुकान चालतं.

तुझ्या पुस्तकातला तो शास्त्रज्ञ ओहम जर्मनीतल्या एर्लांगेनच्या कुलूपवाल्याचा मुलगा. बाप शाळा फारशी शिकला नव्हता, तरी स्वतः वाचून त्याने दोन्ही मुलांना घरीच गणित शिकवलं. मुलाने १८२७ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्याच देशात फार कुणी विचारलं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने विज्ञानातलं मानाचं कॉप्ली पदक दिलं. मला त्यातला कुलूपवालाच जास्त आवडतो, का ते तुला कळेल.

वॉर्डनबाईंना विचारून सोळाचा सॉकेट कुठे आहे ते बघ आणि तिथेच पाणी तापव. बादलीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वितळलेला प्लग ठेवून दे, येशील तेव्हा आण. कुठली पिन काळी पडली ते बघायचंय.

एसटीच्या पार्सलने शेंगदाण्याची चटणी आणि माझा जुना मीटर पाठवतोय. सेल वेगळे बांधलेत. लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नकोस. तिथे मीटरचा रोध जवळपास शून्य असतो, पुढचा भागाकार तूच कर. आतला फ्यूज मी दोनदा बदललाय.

तुझे,
बाबा