वाईनला सवलत देता, मग तोडणीची हजेरीही तपासा

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

साहेब, आमच्या सुरगाण्यात होळी हा वर्षाचा सण. कुठेही राबत असलेला माणूस होळीला पाड्यावर येतोच. यंदा मी आणि आई आलो त्या रिकाम्या हातांनी. निफाड तालुक्यात आम्ही वाईनच्या द्राक्षांची तोडणी केली, 21 दिवस. रोज 400 रुपये ठरला होता. दोघींचे 16,800 झाले, त्यातून 3,000 उचल कापली, राहिले 13,800. मुकादम म्हणाला, होळीआधी घरपोच करतो. होळी होऊन गेली, त्याचा फोन बंद आहे. वायनरीच्या गेटवर गेले तर तिथला माणूस म्हणतो, "आमचा व्यवहार मुकादमाशी. तुझं नाव आमच्याकडे कुठंय?"

नाव खरंच कुठे नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि वही मुकादमाच्या पिशवीत.

ही तोडणी पहाटे चारला सुरू होते, कारण उन्हात माल तापलेला वायनरीला चालत नाही. डोक्याला बॅटरी बांधायची, कात्रीने घड कापायचा, कॅरेटमध्ये ठेवायचा. द्राक्षाच्या रसाने बोटं एकमेकांना चिकटतात आणि उजाडलं की मधमाश्या येतात. आई दिवसाला 20 किलोची 22 कॅरेट भरते, म्हणजे 440 किलो. एका बाटलीला सव्वा किलो द्राक्षं धरली तरी साडेतीनशे बाटल्या झाल्या. 400 रुपये भागिले 350. माझ्या आईच्या वाट्याला बाटलीमागे 1 रुपया 14 पैसे येतात, आणि तेही अजून आलेले नाहीत.

सप्टेंबरच्या छाटणीलाही आम्हीच होतो. छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. ते हायड्रोजन सायनामाइड नावाचं रसायन असतं. युरोपीय संघाने 2008 मध्येच त्याला मंजुरी नाकारली. आम्हाला ते बादलीत आणि फडक्यावर मिळालं. हातमोजे मागितले तर दोन दिवसांनी एकच जोडी आली, आठ बायकांत. आईच्या बोटांची सालं निघाली. भाकरी थापताना ती अजून तळहाताचीच कड वापरते.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे. मी वाचलाय. 1979 चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही व्याख्या आंतरराज्य स्थलांतरिताचीच आहे. सुरगाणा आणि निफाड एकाच नाशिक जिल्ह्यात येतात. म्हणजे घराला कुलूप लावून, म्हातारीला शेजाऱ्यांवर सोपवून, खताच्या गोण्यांशेजारी महिनाभर झोपणारे आम्ही सरकारच्या हिशेबी स्थलांतरित नाहीच! त्यांतलीच वेतन संहिता सांगते की रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी कामाची पाळी संपताना द्यायचे. त्या बागेत हे सांगायला तुमचा एक तरी निरीक्षक आला का? आम्हाला दिसला नाही.

सरकारला वाईन मात्र बरोबर दिसते. 2001 मध्ये धोरण आलं. विंचूरला वाईन पार्क झालं. वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उद्योगाला परत देण्याची योजना झाली. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्ष उत्पादकाच्या भल्यासाठी म्हणून केवढी भाषणं झाली. उत्पादकाचं भलं व्हावं, त्याच्यावरही कर्ज आहे, गारपीट त्यालाही झोपवते, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण घड कापणाऱ्या बाईबद्दल त्या भाषणांतलं एक वाक्य मला आठवत नाही.

फ्रान्सच्या शाम्पेन भागात 2023 च्या तोडणीत 57 मजुरांना घाणेरड्या घरात कोंबून राबवलं गेलं. 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने मानवी तस्करीच्या गुन्ह्यात तिघांना दोषी ठरवलं. तिथेही मजुरांची लूट होतेच, पण निदान खटला तरी उभा राहिला.

आणि आम्ही बाहेर का जातो, हेही एकदा ऐका. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, नार-पार नद्यांचं पाणी गुजरातच्या दिशेने वाहून जातं आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. नागली-भात झाला की शेतात काही उरत नाही. रोजगार हमीचा कायदा याच राज्याने 1977 मध्ये केला, साऱ्या देशाच्या आधी. मग दिवाळीनंतर आमचा पाडा ओस का पडतो? 2022 मध्ये सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत जाऊ द्या म्हटलं, तेव्हा कुठे तुम्हा लोकांना सुरगाणा आठवला.

साहेब, व्हॅटचा परतावा देण्याआधी वायनरीकडून तोडणीच्या मजुरांची नावानिशी हजेरी आणि मजुरी बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाणाऱ्यांची नोंद करा. पेस्टच्या कामाला हातमोजे सक्तीचे करा. आणि आमचे 13,800 रुपये कोणाकडे मागायचे, ते लेखी कळवा.

सप्टेंबरच्या आधी कळवा. तेव्हा मुकादम पुन्हा उचल घेऊन दारात येईल, आणि घरात दाणे नसले तर आई ती घेईल.

आपली,
सुरगाणा तालुक्यातील एक द्राक्षतोडणी मजूर