मॉरिशसच्या ताईंना, न सापडलेल्या माणसाबद्दल आभार

ताई, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, नाहीतर नेमकी तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते. म्हणून सगळ्यांसमोरच लिहून टाकतोय, आता वाचायलाच लागेल.

बाकीच्यांना थोडं सांगतो. माझ्या खापरपणजोबांचे वडील रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव सोडून मुंबईला गेले आणि तिथून जहाजाने मॉरिशसला, उसाच्या मळ्यावर, असं आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात. मागे बायको आणि एक लहान पोरगा. परत आले नाहीत. संपली गोष्ट. नाव माहितीये, पण ते असं की कोकणात डोळे मिटून दगड मारला तरी त्या नावाच्या कोणाला तरी लागेल. कपाळावर बैलाचं शिंग लागल्याची खूण होती म्हणे, ही आमच्या आजीची भर.

१८३४ ते १९२० च्या दरम्यान जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर मॉरिशसला गेली आणि मला त्यातला एक शोधायचा होता, तेही घरी बसून. मी काय केलं, तर एका वेबसाइटवर पैसे भरले, तिने मस्त रंगीत वंशवृक्ष बनवून दिला, त्यात बेधडक लिहिलं की हे गृहस्थ १८४० साली पोर्ट लुईला उतरले, आणि मी त्या वंशवृक्षाच्या प्रिंट काढून लॅमिनेशन करून सगळ्या चुलतभावांना वाटल्या. हो, लॅमिनेशन. हसा.

तेव्हा कोणीतरी तुमचा नंबर दिला. मी त्या वंशवृक्षाचा फोटो पाठवला आणि तुमचं पहिलं उत्तर एका ओळीचं, "१८४० ला कोणत्या जहाजाने आले, जहाज तर बंद होतं". मग नीट समजावलंत की मजुरांच्या हालांवरून बोंबाबोंब झाल्यावर १८३९ मधे सरकारने ही मजुरांची वाहतूक थांबवली होती आणि १८४२ च्या कायद्यानंतर ती परत सुरू झाली. म्हणजे माझं लॅमिनेटेड साल बरोब्बर बंदीच्या मधोमध पडत होतं. राग आला होता तुमचा, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तुम्ही तिकडच्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे तीनदा गेलात, स्वतःचं पेट्रोल जाळून. तिथे आप्रवाशांची जुनी रजिस्टरं आहेत आणि नंबर माहीत असला तर माणूस पटकन सापडतो, कारण प्रत्येक मजुराला नंबर दिलेला असायचा. आमच्याकडे नंबर कुठला. नावावरून शोधायचं तर कारकून युरोपियन, त्याला आपला ळ आणि ण ऐकूच येत नसणार, एकाच नावाची सहा स्पेलिंगं. वर तुम्ही सांगितलंत की तिकडे अनेक घरांत पहिल्या पणजोबाचं नावच पुढच्यांचं आडनाव झालंय, त्यामुळे त्यांच्या वंशजांना आमचं आडनाव विचारून काही उपयोग नाही. मजुरांचे फोटोही काढायचे म्हणे, मला त्याची फार आशा होती. फोटो काढायला सुरुवात झाली १८६० नंतर, आमचे त्याच्या कितीतरी आधीचे.

आणि तरी तुम्हाला एक नोंद सापडली. नाव तेच, मुंबईहून आलेला, जिल्हा रत्नागिरी, वय २५, आणि खुणेच्या रकान्यात कपाळावर व्रण! ताई, मी त्या रात्री झोपलो नाही. आईला उठवून सांगितलं. सकाळी तुम्हाला फोन केला तेव्हा आपल्यातला दीड तासाचा फरकही विसरलो, तुमच्याकडे पहाटेचे साडेचार.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "भाऊ, कपाळावर व्रण नसलेला शेतकरी दाखवा. वय कारकुनाने चेहरा बघून लिहिलेलं असतं. ह्याच्या बापाचं नाव रजिस्टरमधे आहे, तुमच्या माणसाच्या बापाचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या वंशवृक्षात ते नावच नव्हतं.

मग सुरू झाली माझी पायपीट, जी तुमच्या त्या एका प्रश्नामुळे झाली. आमच्या भागातलं गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर मिळालं ते फार अलीकडचं. एका ऑफिसात तर साहेबांनी "कुणबी दाखला पाहिजे का?" विचारलं आणि नाही म्हणल्यावर त्यांचा इंटरेस्टच गेला. घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक मोडीतलं गहाणखत निघालं, वाचणारे काका शोधले, त्यात खापरपणजोबांचं नाव, पुढे बिन, म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि पुढे आमच्या मॉरिशसवाल्यांचं नाव! खाली सही म्हणून नांगराची निशाणी. छापील वंशवृक्षाने जे झालं नाही ते त्या वेड्यावाकड्या नांगराने झालं, हात थरथरले माझे. पण कागद तिथेच थांबतो, एक पिढी कमी.

ती पिढी शेवटी नाशिकला मिळाली, तीर्थोपाध्यांच्या वहीत. पणजोबा अस्थी घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि आजोबांच्या वडिलांचं नाव लिहवून घेतलेलं. मी तिथूनच फोटो पाठवला तुम्हाला. तुमच्या रजिस्टरमधलं बापाचं नाव वेगळं. साफ वेगळं, स्पेलिंगची ओढाताण करूनही जुळणार नाही असं.

म्हणजे तो आमचा नव्हता. तुम्ही गप्प बसला असतात तर मी तो दुसऱ्याचा माणूस घरात आणून बसवला असता, त्याच्या नावाने पान वाढलं असतं, आणि त्याच्या खऱ्या घरचे कोणी तिकडे कुठे शोधत असतील तर त्यांचीही वाट बंद. तुम्हाला हो म्हणणं किती सोपं होतं, मी तर खूशच झालो असतो, मिठाई पाठवली असती. त्याच्यासाठी हे आभार आहेत, पेट्रोलसाठी नाहीत. पेट्रोलसाठी वेगळे.

आता तुम्ही दुसरी नोंद काढलीये, तेच नाव, पण बापाचा रकाना कोरा आणि गावाचं नाव कोणालाच लागत नाही असं लिहिलेलं. असेल, नसेल. चुलतभावांना ह्या वेळी काही वाटलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. नाशिकच्या त्या वहीत गेलेल्या सगळ्यांच्या नावाआधी कै. लिहिलंय, फक्त मॉरिशसवाल्यांच्या नावाआधी नाही. बातमीच आली नव्हती ना कधी. गुरुजी म्हणाले, दीडशे वर्षं होऊन गेली, आता लिहू का कै.? मी म्हणलं थांबा गुरुजी, ताईंना विचारून सांगतो.

तुमचा,
पहाटे साडेचारला फोन करणारा भाऊ